बीपी माझं वाढलंय, आणि बॅटऱ्या अंगणात फुटतायत

पत्र थोडक्यात असं आहे: वय २७, पश्चिम महाराष्ट्रातलं तालुक्याचं गाव. सासरी जुन्या बॅटऱ्यांचा धंदा. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या, इन्व्हर्टरच्या मेलेल्या बॅटऱ्या विकत घ्यायच्या, मागच्या अंगणात फोडायच्या, आतल्या शिशाच्या प्लेटा भट्टीत वितळवून लगडी ओतायच्या आणि विकायच्या. काम खाली, घर वरच्या मजल्यावर. पहिली मुलगी ४ वर्षांची, तिच्या वेळी आठव्या महिन्यात बीपी वाढलं, लघवीतून प्रोटीन जायला लागलं आणि ३५ व्या आठवड्यात सिझर झालं. आता दुसऱ्यांदा दिवस गेलेत, २२ वा आठवडा आहे. मागच्या तपासणीत बीपी १४४/९२, चार तास बसवून परत घेतलं तर १४२/९०. अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी आधीपासून होती, आता बीपीची गोळीही चालू केली. सासूबाई म्हणतात टेन्शन घेतेस म्हणून वाढतं, मीठ बंद कर, आणि कुणा ओळखीच्यांकडून ताकदीच्या पुड्या आणून दिल्यात. वाचक लिहिते, "मोबाईलवर वाचलं की शिशामुळे गरोदरपणात बीपी वाढतं. तेव्हापासून झोप नाही. घरात बोलले तर धंद्यावर बोट ठेवलं असं होईल. आई म्हणते निघून ये, पण आमच्याकडे पहिलं माहेरी आणि दुसरं सासरी अशी रीत आहे. हे शिशामुळेच झालंय का? मी माहेरी जाऊ का गप्प राहू? चार दिवस झाले बीपीची गोळी घेत नाहीये, कारण शिसंच असेल तर गोळीने काय होणार."

तुला तू म्हणते, चालेल ना, माझ्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान आहेस. आणि बाकी सगळं नंतर, आधी डॉक्टरांना फोन लाव आणि सरळ सांग की चार दिवस गोळी घेतली नाही, आता काय करू. रागावतील, रागवू दे. ते सांगतील त्या डोसने आजच सुरू कर आणि आजच कुठेतरी जाऊन बीपी मोजून घे, उद्या नको. हे झालं की मग पुढचं वाच, पत्र कुठे पळून जात नाही.

झालं? बरं.

मी २० वर्षं लेबर रूममध्ये सिस्टर होते, त्यामुळे माझं बोलणं थोडं तिकडचंच असतं, सवय जात नाही. तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला फार खटकली, ती बॅटऱ्यांची नाही, ती ही की कारण शिसं असेल तर गोळीचा उपयोग नाही असं तू धरून चाललीस. अगं, पावसात घर गळतंय, तर खाली पातेलं ठेवायचं आणि उघडीप मिळाली की कौल पण बदलायचं. कौल माकडाने फोडलं का वाऱ्याने गेलं ह्याचा निकाल लागेपर्यंत अंथरूण भिजवत कोण बसतं? बीपी कशानेही वाढलेलं असो, ते जेव्हा १६०/११० कडे जातं तेव्हा मेंदूतल्या रक्तवाहिन्यांना तोच धोका असतो, आणि गोळी तो धोका कमी करते, कारण बघून काम करायचं का नाही असं ती ठरवत नाही. गरोदरपणात ज्या बीपीच्या गोळ्या देतात, लॅबेटालॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा वगैरे, त्या वर्षानुवर्षं गरोदर बायकांना दिलेल्या आहेत. "सवय लागते" हे तू लिहिलं नाहीयेस पण घरात कुणीतरी म्हणालं असणार म्हणून सांगते, सवयबिवय काही लागत नाही.

आता तुझा मुख्य प्रश्न, शिशामुळेच का. खरं उत्तर असं की एका बाईच्या बाबतीत कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, मी नाही आणि तुझे डॉक्टरही नाही. पहिल्या वेळी हा त्रास झालेल्या बाईला दुसऱ्या वेळी होण्याची शक्यता तशीच जास्त असते, म्हणून तर तुला अ‍ॅस्पिरिन आधीपासून दिलीय (ती पण मनाने बंद करू नकोस हं). त्यात शिशाची भर पडली असेल का? अगदीच असू शकते. रक्तात शिसं जास्त असलेल्या गरोदर बायकांमध्ये वाढलेलं बीपी आणि प्रीएक्लाम्पसिया (म्हणजे बीपीबरोबर लघवीतून प्रोटीनही जायला लागणं) जास्त दिसतो हे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांमध्ये आलेलं आहे. शिसं शरीरात गेलं की शरीर त्याला कॅल्शियम समजून वागवतं, रक्तवाहिन्या सैल ठेवणारं नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, वाहिन्या आवळतात, आणि वर्षानुवर्षं चालू राहिलं तर किडनीलाही मार बसतो. म्हणजे वाचलंस ते खोटं नाही, फक्त "मुळेच" हा शब्द काढून टाक, बाकी ठीक.

एक काम मात्र घरबसल्या करता येईल. तुझं माता-बाल संरक्षण कार्ड काढ आणि पहिल्या तीन महिन्यांतलं बीपी किती लिहिलंय ते बघ. २० आठवड्यांच्या आधीच १४०/९० च्या वर होतं का? असेल तर हे बीपी गरोदरपणाने आणलेलं नाही, आधीपासूनचं आहे, आणि मग किडनीच्या तपासण्या आणि शिशाची तपासणी ह्या दोन्ही गोष्टींना जास्त वजन येतं. पहिल्या बाळंतपणानंतर कधी मोजलं होतं का? बहुतेक नसेलच. आपल्याकडे बाळ बाहेर आलं की आईचं बीपी मोजायचा पट्टा कपाटात जातो, ह्याच्यावर मी नोकरीत असताना भांडून भांडून थकले.

आता हाडांबद्दल सांगते, कारण माहेरी जायचा निर्णय त्याच्यावर अवलंबून आहे. शिसं रक्तात फार राहत नाही, साधारण महिन्याभरात रक्तातलं निम्मं होतं. पण बाकीचं कुठे जातं, तर हाडात जाऊन बसतं, मोठ्या माणसाच्या शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त शिसं हाडात असतं आणि तिथे ते १०-२० वर्षं सहज मुक्काम करतं. गरोदरपणात, त्यातही शेवटच्या महिन्यांत, बाळाची हाडं व्हायला कॅल्शियम लागतं, आईच्या आहारातून पुरलं नाही तर ते आईच्या हाडातून काढलं जातं, आणि त्याच्याबरोबर हे जुनं शिसं पण बाहेर येतं. वारेतून ते बाळापर्यंत पोचतं, वार त्याला अडवत नाही.

म्हणजे बघ, "माहेरी गेले की सुटले" हे अर्धंच खरं. नवीन शिसं आत जायचं थांबेल, रक्तातला आकडा काही आठवड्यांत उतरेल, ह्याचा फायदा मोठाच आहे. पण लग्नाला ५-६ वर्षं झालेली, तेव्हापासूनचं जे हाडात साठलंय ते बरोबर येणार. म्हणून कॅल्शियम. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन गोळ्या मिळतात, ५०० मिलिग्रॅमची एक अशा, त्या तू घेतेस का हे लिहिलं नाहीस. मेक्सिको सिटीत गरोदर बायकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम देऊन बघितलं होतं, २००९ मध्ये त्याचा निकाल आला, रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी झालं. चमत्कार नाही, पण एका स्वस्त गोळीने एवढं होतंय, आणि जेवणात कॅल्शियम कमी असणाऱ्या बायकांमध्ये तीच गोळी प्रीएक्लाम्पसियाचा धोकाही कमी करते. फक्त कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेऊ नकोस, एक जेवणानंतर आणि दुसरी दोन-तीन तासांनी, आणि लोहाच्या गोळीवर चहा नको. अंगात लोह कमी असलं तर आतडी शिसं जास्त ओढून घेतात, रिकाम्या पोटीही तसंच. त्यामुळे ह्या वेळी संकष्टी, सोमवार, सगळे उपास बाप्पाला सांगून पुढे ढकल. नाचणी, दूध-दही, तीळ, पालेभाजी, अंडं चालत असेल तर अंडं.

मिठाचं पण सांगून टाकते. गरोदरपणातलं बीपी मीठ तोडून टळत नाही. लोणचं-पापडाचा मारा नको एवढंच, पण अळणी जेवण बघून तुझं जेवणच कमी झालं असेल तर ते उलट वाईट. सासूबाईंना सांग, डॉक्टरांनी सांगितलंय नेहमीसारखं जेवायला. टेन्शनने बीपी थोडं वरखाली होतं, पण टेन्शनने लघवीत प्रोटीन येत नाही.

आणि त्या पुड्या. आज बंद. सासूबाईंनी प्रेमाने दिल्यात हे मला मान्य आहे, पण पुडीवर काय लिहिलंय? काहीच नाही ना? रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदातल्या धातूंच्या औषधांच्या शास्त्रात, "नाग" म्हणजे शिसं, नागभस्म म्हणजे शिशाचं भस्म, आणि ज्या पुडीवर घटकच लिहिलेले नाहीत तिच्यात भस्म कुठलं आहे हे देणाऱ्यालाही माहीत असेलच असं नाही. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात ६ गरोदर बायकांच्या रक्तात शिसं सापडलं, बहुतेक जणी भारतात जन्मलेल्या, आणि शोध घेतला तर आपल्याकडून नेलेल्या आयुर्वेदिक गोळ्या निघाल्या. सगळं आयुर्वेद वाईट असं मी म्हणत नाहीये, माझ्या घरात सुंठ आणि अडुळसा दोन्ही आहेत, पण अंगणात आधीच शिशाची भट्टी असलेल्या घरात अजून एक दार उघडं ठेवायचं नाही. पुडी फेकू नकोस, एक ठेव आणि डॉक्टरांना दाखव. तसंच कुणी "शिसं बाहेर काढायला" काढा, पंचकर्म, डिटॉक्स असं सुचवलं तर हात जोड आणि नाही म्हण.

आता तुझ्या मनातली मोठी गोष्ट, घरात बोलायचं कसं. तू असं धरून चाललीयस की हा प्रश्न तुझा आहे आणि तू तोंड उघडलंस तर त्यांच्या धंद्यावर येतं. मी तुझं पत्र तीनदा वाचलं आणि मला उलटंच दिसलं. त्या घरात सगळ्यात जास्त शिसं कुणाच्या अंगात असेल? तुझ्या नवऱ्याच्या आणि सासऱ्यांच्या. तू वर राहतेस, ते भट्टीपाशी उभे असतात. शिसं ३२७ डिग्रीला वितळतं, वितळलेल्या शिशाचा धूर आणि फोडलेल्या प्लेटांची करडी पावडर, दोन्ही श्वासातून जातं, आणि त्याच हाताने तंबाखू मळली, वडापाव खाल्ला की पोटातून जातं. तू एका ओळीत लिहून गेलीस की "ह्यांचं पोट सारखं दुखतं, ॲसिडिटी म्हणतात, आणि हल्ली चिडचिड फार" आणि पुढे निघून गेलीस. पोटात कळ येणं, संडासला घट्ट होणं, चिडचिड, हातापायाला मुंग्या, हे सगळं शिशाने होतं. ॲसिडिटी असेलही, पण तपासल्याशिवाय कसं कळणार. आणि सासऱ्यांचं बीपी? ते गोळी घेतात असंही तूच लिहिलंयस.

आणि दुसरं नाव तुझ्या लेकीचं. पत्रात ती एका ठिकाणी आलीय फक्त, पण मला तुझ्याइतकीच तिची काळजी वाटते. ४ वर्षांचं पोर जमिनीवर खेळतं, हात तोंडात घालतं, आणि लहान मुलांची आतडी मोठ्यांपेक्षा किती तरी जास्त शिसं ओढून घेतात. त्याचा परिणाम डोक्यावर होतो, लक्ष लागणं, शिकणं, वागणं, आणि झालेलं नुकसान परत भरून येत नाही. मुलांसाठी अमुक एवढं शिसं चालतं असा सुरक्षित आकडाच नाही.

म्हणून मी तुझ्या जागी असते तर "तुमच्या धंद्यामुळे माझं बीपी वाढलं" हे वाक्य तोंडातून काढलंच नसतं, कारण ते सिद्ध करता येत नाही आणि पुढचे चार महिने घर त्याच वाक्यावर भांडत बसेल. मी नवऱ्याला रात्री एकटं गाठून एवढंच म्हटलं असतं, "तुमचं पोट दुखतंय, पप्पांचं बीपी आहे, माझं पण वाढलंय, पिल्लू खाली खेळते. आपण सगळ्यांनी एकदा रक्तातलं शिसं तपासून घेऊया, डॉक्टर चिठ्ठी देतील." बस. खरं तर पुरुषमाणूस बायकोच्या बीपीवर वाद घालेल, पण स्वतःच्या नावाच्या रिपोर्टवर आकडा छापून आला की त्याच्याशी वाद कसा घालणार. नवऱ्याचा रिपोर्ट तुझ्यासाठी बोलेल.

तपासणी साधी आहे, शिरेतून रक्त काढतात, "ब्लड लेड" म्हणतात. बोटाच्या सुईने किंवा केसांवरून केलेलं नको, केसांचं तर अजिबात नको. तालुक्याला होत नसेल तर मोठ्या लॅबचं कलेक्शन सेंटर नमुना पुढे पाठवतं, आधी फोन करून विचारा. रक्त द्यायला जाताना अंघोळ करून धुतलेले कपडे घालून जायचं, नाहीतर कातडीवरची पावडर सुईबरोबर नमुन्यात जाते आणि आकडा खोटा येतो. रिपोर्टमध्ये मायक्रोग्रॅम पर डेसिलिटर असा आकडा येईल. जागतिक आरोग्य संघटना म्हणते ५ किंवा जास्त आलं की शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा, गरोदर बाई असेल आणि जेवणात कॅल्शियम कमी असेल तर कॅल्शियम द्या, लोह कमी असेल तर लोह द्या. ४५ च्या पुढे गेलं तर शिसं बाहेर काढायच्या औषधाचा विचार मोठ्या हॉस्पिटलमधले डॉक्टर करतात, तेही गरोदरपणात फार जपून. भट्टीवर काम करणाऱ्यांचे आकडे कधीकधी त्याहून वर निघतात, तेव्हा नवऱ्याचा आकडा बघून हातपाय गाळू नकोस. आणि तुझा आकडा कमी आला तर? तर बीपीची गोळी तशीच चालू, तपासण्या तशाच. शिसं निघो न निघो, ह्यातलं काही बदलत नाही.

आता तू लिहिलेली एक गोष्ट. "ह्यांचे शर्ट मी हाताने धुते, पहिलं पाणी राखाडी येतं." हे वाचून मी पेन खाली ठेवलं होतं. ते राखाडी सगळं माती नाहीये गं. आजपासून त्या कपड्यांना तू हात लावायचा नाहीस. झटकायचे तर मुळीच नाहीत. कामाचे कपडे वर येणारच नाहीत, खाली एक झाकणाची बादली ठेवा, तिथेच काढायचे, तिथेच त्यांनी स्वतः पाण्यात घालून धुवायचे, बाकीच्या कपड्यांत, त्यातही लेकीच्या कपड्यांत, मिसळायचे नाहीत. चपला खाली. खालच्या मोरीत डोक्यावरून अंघोळ, मग जिना चढायचा, मग लेकीला उचलायचं. मला माहितीय बाप घरी आला की ती पळत जाऊन पायाला मिठी मारते, सगळ्यांची मारतात, तर अंघोळीनंतर मारेल. घरात कोरडा झाडू नको, ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं दुसऱ्या कुणीतरी धुवायचं. अंगणात वाळवणं घालत असाल, पापड, कुरडया, धुणं, तर ते दुसरीकडे. जेवायच्या आधी साबणाने हात, लेकीचे तर दिवसातून दहादा. आणि वास येत नाही म्हणून शिसं नाही असं समजू नका, तो झोंबणारा वास अ‍ॅसिडचा असतो, शिशाला वास नाही.

पण हे सगळं म्हणजे पातेलं ठेवणं झालं. कौल बदलायचं तर भट्टी घराखालून जायला हवी. धंदा बंद करा असं मी सांगत नाहीये, घरात बसून असं सांगणं सोपं असतं. पण हा धंदा दोन भागांचा आहे, जुन्या बॅटऱ्या गोळा करणं आणि फोडून वितळवणं. बॅटरीच्या वजनाचं निम्म्याहून जास्त शिसंच असतं म्हणून फोडण्यात दोन पैसे जास्त सुटतात, हे खरं. मात्र २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या नोंदणी असलेल्या रिसायकलरकडेच जायला हव्यात, घरामागे फोडणं तसंही कायद्यात बसत नाही, कधी तपासणीवाले आले तर सगळंच जाईल. गोळा करायच्या आणि अख्ख्या, न फोडता, अ‍ॅसिडसकट पुढे द्यायच्या, हा अर्धा धंदा टिकतो. नफा कमी होईल. सासरे लगेच ऐकणार नाहीत, त्यांनी ३० वर्षं ह्याच भट्टीवर घर चालवलंय. ते बोलणं नवऱ्याचं आहे, तुझं नाही, आणि ते रिपोर्ट आल्यावरचं आहे.

मग माहेरी जायचं का? जा. रिपोर्टची वाट न बघता जा असंच माझं मत आहे, पण दोन अटींवर. एक, लेकीला घेऊन जा, तिला मागे ठेवून गेलीस तर निम्मं काम मागेच राहिलं. दुसरी, तुझं माहेर कुठल्या हॉस्पिटलपासून किती लांब आहे ते आधी बघ. पहिल्या वेळी ३५ आठवड्यांना सिझर झालेल्या बाईचं बाळंतपण जिथे भूलतज्ज्ञ, रक्त आणि कमी दिवसांच्या बाळांसाठी एनआयसीयू आहे तिथेच व्हायला हवं. माहेर आडगावात असेल आणि सासरपासून मोठं हॉस्पिटल १५ मिनिटांवर असेल तर हिशोब बदलतो, मग मावशीकडे, नणंदेकडे, हॉस्पिटलजवळ दोन खोल्या भाड्याने, असं काहीतरी. रीतीचं म्हणशील तर "डॉक्टरांनी देखरेखीत राहायला सांगितलंय" ह्या वाक्यापुढे आपल्याकडच्या सगळ्या रीती गप्प बसतात, आणि ते खोटं पण नाही. डोहाळजेवण सासूबाईंच्या हातचंच करा म्हणावं, तिकडे या, मी कुठे पळून चाललेय.

जिथे राहशील तिथे दंडावर बांधायचं डिजिटल बीपी मशीन हवं. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकवून, पाय जमिनीला, हात छातीच्या उंचीवर, चहा पिऊन लगेच नको. सकाळ-संध्याकाळ, वहीत लिही. १४०/९० च्या वर राहायला लागलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी फोन. १६०/११० किंवा वर गेलं तर फोनाफोनी नको, सरळ हॉस्पिटल, १०८ ला लावा. आकडा कितीही असो, डोकं फुटेल असं दुखायला लागलं, डोळ्यापुढे काजवे किंवा अंधारी आली, बरगड्यांखाली वर पोटात दुखलं, चेहरा-हात एकदम सुजले, लघवी कमी झाली, बाळ हलायचं कमी झालं, तर रात्रीचे दोन वाजले तरी निघायचं. मी लेबर रूममध्ये झटके आलेल्या बायका बघितल्यात आणि बहुतेकींचे नातेवाईक म्हणायचे, "संध्याकाळपासून डोकं दुखतं म्हणत होती, बाम लावला होता." घरात सगळ्यांना हे सांगून ठेव, सासूबाईंना आधी.

ज्या दुसऱ्या कुणी हे वाचतायत आणि आमच्याकडे कुठे बॅटऱ्या आहेत म्हणतायत, त्यांनी पण घरात नजर फिरवा. पितळी पातेल्याला कल्हई करणारा कथलात शिसं मिसळतो का, खात्री नसेल तर त्या पातेल्यात चिंचेची आमटी आणि ताक नको. मारुतीला लावायचा शेंदूर पारंपरिक पद्धतीचा असेल तर तो शिशाचाच असतो, देवाला लावा, पण गरोदर बाईने आणि मुलांनी त्याला हात लावू नये, लावलाच तर धुवा. कोकणात जाळ्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या घरच्या चुलीवर ओततात, ते चुलीवर नको. जुन्या घराचा रंग खरवडायचं काम निघालं असेल (रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाखात ९० भागांची, मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगाचं सांगता येत नाही) तर गरोदर बाईने तेवढे दिवस घरात राहू नये. आणि हळद. बांगलादेशात खेड्यातल्या गरोदर बायकांच्या रक्तात शिसं कुठून येतंय हे शोधता शोधता लोक हळदीपर्यंत पोचले, हळकुंडं पिवळीधमक दिसावीत म्हणून त्यांना लेड क्रोमेट, म्हणजे शिशाचा पिवळा रंग, चोपडत होते. २०१९ मध्ये सरकारने घाऊक बाजारात धाडी घातल्या, दंड केले, आणि बाजारातल्या हळदीच्या नमुन्यांत शिसं सापडायचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून २०२१ पर्यंत शून्यावर आलं. तेव्हा फार भडक पिवळं हळकुंड बघून खूश होऊ नका, ओळखीच्या शेतकऱ्याची घ्या नाहीतर चांगल्या पाकिटाची घ्या.

परत तुझ्याकडे येते. बाळंतपण झालं की बीपी संपलं असं धरू नकोस, पहिल्या आठवड्यात ते पुन्हा उसळतं, म्हणून मशीन सव्वा महिना तरी बॅगेत ठेवायचं नाही, आणि दर वर्षी बीपी आणि किडनी तपासायची. अंगावर पाजायला सहसा हरकत नसते, तुझा आकडा ४० च्या आसपास किंवा वर असेल तरच आधी डॉक्टरांशी बोलायचं. बाळाच्या रक्ताचीही तपासणी करायला सांग, नाळेतलं रक्त घेता येतं, आधी सांगून ठेवलं तर घेतात, ऐन वेळी कुणाच्या लक्षात राहत नाही, कार्डावर लाल पेनाने लिहून ठेव.

गुरुवारी तुमच्याकडे बाजार असतो असं लिहिलंयस, भट्टी त्या दिवशी बंद असणार. त्याच दिवशी सकाळी चौघं जाऊन रक्त देऊन या. झाकणाची बादली बाजारातून येताना आण, निळी मिळाली तर निळी, म्हणजे घरातल्या बादल्यांत मिसळणार नाही. रिपोर्ट आले की मला चौघांचे आकडे कळव.